उजव्या पायाचा चटका

शहापूरच्या डॉक्टरांनी शनिवारी बांधून दिलेली पट्टी रविवारी सकाळी नम्रताने सोडली. दामू ओटीवरच्या खुर्चीत बसला होता. उजवा पाय त्याने समोरच्या स्टुलावर ठेवला होता. डावा पाय गुडघ्याच्या जरा खाली संपत होता, त्यावर टॉवेल टाकलेला होता.

"दुखलं तर सांगा, बाबा," नम्रता म्हणाली.

"दुखत आसतं तर हे झालं आसतं का गो," दामू म्हणाला आणि अंगणाकडे बघत राहिला.

पोटरीच्या आतल्या अंगाला तळहाताएवढं भाजलं होतं. कडा तपकिरी, मधे लालभडक. नम्रता आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, असल्या जखमा तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. पण एका पावसाळ्यात याच घरात, याच ओटीवर, सासऱ्याच्या डाव्या अंगठ्याला खिळा टोचला होता आणि तो त्याला कळलाच नव्हता. साखरेने पायातली जाणीव आधी नेली आणि पाय नंतर. तेव्हा ती नवी नवरी होती. त्या पावसाळ्यानंतर दर रविवारी सासऱ्याचा उरलेला पाय धुवायचा, बोटांच्या फटी बघायच्या, टाच बघायची, हे काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. मधे लसीकरणाच्या कामात दोन रविवार चुकले आणि त्यातच हे झालं.

डॉक्टर म्हणाले होते, "वरवरचं आहे, वेळेत आणलंत. पण याच जागी पुन्हा भाजलं तर मी काही सांगू शकणार नाही."

तिने नवी पट्टी गुंडाळली. जखमेपेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. शनिवारी तिने पहिल्यांदा जखम पाहिली तेव्हा तिच्यावर हळद होती. दामूला तिथवर वाकता येत नव्हतं. म्हणजे हळद दुसऱ्या कुणीतरी लावली होती. सासूला, भागीला, सगळं माहीत होतं आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. कालपासून नम्रता भागीशी कामापुरतंच बोलत होती. भागीही चुलीपाशी खाली मान घालून भाकऱ्या थापत होती.

"आदेशनी गणूला फोन केला म्हणं," दामूने विचारलं. आदेश त्याचा मुलगा, नम्रताचा नवरा; गणू धाकटा भाऊ.

"केला. काका येतायत. गाडी घेऊन जायला सांगितलंय."

दामूने मान हलवली. अंगणाच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या माचाला टेकून त्याची तीनचाकी उभी होती. पुढे मोटारसायकलचं तोंड आणि टाकी, मागे दोन चाकं, त्यांच्यावर रेक्झिनची लांब सीट. ब्रेक, गिअर, सगळं हाताशी. म्हसाच्या यात्रेला आठवडा राहिला होता आणि तो यंदा आपल्या गाडीने जाणार असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

"मंग यात्रा राहिली," तो म्हणाला.

नम्रताने सामानाचा डबा बंद केला आणि हात धुवायला गेली.

*

मुरबाडहून निघताना गणूने टेम्पो रिकामा करून घेतला होता. त्यात दोराचं भेंडोळं टाकलं, फळी टाकली, गाडी चढवायला जे जे लागतं ते सगळं टाकलं. मग जरा वेळ वर्कशॉपच्या दारात उभा राहिला आणि वेल्डिंगचं मशीन, पाइप-पत्र्याची पेटी आणि एक सायलेन्सरही टाकला. शेजारी बसलेल्या अंजूने ते पाहिलं. दामूची ही मुलगी मुरबाडलाच दिलेली होती.

सरळगाव, किन्हवली मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेली भातशेतं आणि त्यांत वालाची हिरवळ.

"तुमी मनाला लावून घेऊ नका, काका," अंजू म्हणाली. "आदेशदाद्या फोनवर रागात बोलला आसल."

"खरं तेच बोलला. माझ्या गाडीनी माझ्या भावाचा पाय भाजला."

दामूचा पाय काढला त्या वर्षी गणूने ती गाडी केली होती. दवाखान्यातून आलेला दामू ओटीवर बसून असायचा. गावात बापाच्या नावाने, कमळूचा पोर म्हणून ओळखला जाणारा, बैल पळवणारा, कुणाच्याही लग्नात पहिला हजर असणारा माणूस दिवसभर कुंपणाच्या पलीकडचा रस्ता बघत बसे. आदेश म्हणाला होता, कंपनीची बॅटरीवर चालणारी खुर्ची घेऊ. गणू म्हणाला होता, खुर्चीवरून दादा अंगणाच्या बाहेर जायचा नाय. त्यावरून काका-पुतण्यात जे ताणलं गेलं ते अजून पुरतं सैल झालं नव्हतं.

टेम्पो अंगणात शिरला तेव्हा आदेश पायरीवर उभा होता. खर्डीहून रोज कल्याणला कंपनीत जाणारा आदेश रविवारीही इस्त्रीचा शर्ट घालत असे.

"या, काका," तो म्हणाला. आवाज कोरडा होता, पण त्याने पुढे होऊन अंजूच्या हातातली पिशवी घेतली.

गणू सरळ ओटीवर गेला आणि दामूच्या पायाशी खाली बसला. पट्टीकडे बघत राहिला.

"दादा, मला एक फोन करायचास ना."

"काय सांगू फोनवर? मलाच कळलं नाय तं."

"आणि जाळी? सायलेन्सरला मी जाळी बसवली होती. पायाला लागू नये म्हणून."

दामूने डाव्या पायावरचा टॉवेल सारखा केला. "ती पडली कुठंतरी. अघईच्या वाटंला खड्डे हायत."

"कवा पडली?"

"दिवाळीच्या आगं."

"आणि तू तसाच चालवत होतास?"

"आता बोलून काय उपयोग," दामू म्हणाला. "घेऊन जायला आलास ना? जेव आधी."

गणू उठला आणि गाडीपाशी गेला. आदेश त्याच्या मागून आला. गणूने गुडघे टेकून उजव्या बाजूने वाकून बघितलं. मागच्या उजव्या चाकाची अडचण होत होती म्हणून त्याने सायलेन्सर कापून आखूड केला होता आणि वर उचलून घेतला होता. त्यामुळे तो बरोबर चालवणाऱ्याच्या पोटरीपाशी आला होता. जाळी असेपर्यंत चालण्यासारखं होतं. आता नळकांडं उघडं होतं आणि एका जागी त्यावर पायजम्याचं कापड चिकटून काळं पडलं होतं. गणूने ते नखाने खरवडलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "जाळीच्या भरवशावर ठेवायला नको होतं."

आदेशला भांडायचं होतं, सकाळपासून त्याने मनात वाक्यं जुळवली होती. पण समोरच्याने आधीच मान्य केल्यावर ती कामाचीच उरली नाहीत.

"बाबांना चालत फिरता येत नाय हे मला कळतं, काका," तो शेवटी म्हणाला. "पण दुसरा पाय गेला तर? मंग तुमी कितीबी चाकं लावा."

*

जेवणं ओटीवरच झाली. नव्या तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडा, वालाचं बिरडं. गणूला बिरडं आवडतं म्हणून भागीने ते मुद्दाम केलं होतं. नम्रता वाढत होती. सासूच्या ताटात तिने न विचारता भाकरी टाकली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

अंजूने विषय काढला. "काका, सायलेन्सर दुसऱ्या बाजूनी नाय घेता येणार? गाडी न्यायलाच पायजे का?"

"तू मधे बोलू नको," आदेश म्हणाला.

"का नको? माझा बी बाप हाय."

"बाप तुझा बी हाय. पण दवाखान्यात रात्री बसायला कोण होतं?"

अंजूचा हात ताटात थांबला. तेव्हा ती बाळंतीण होती, म्हणून आली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं, आदेशलाही. तो लगेच म्हणाला, "तसं नाय म्हणायचं मला," आणि तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

"बोला, काका," अंजू तांब्याला हात न लावता म्हणाली.

गणूने बोट चाटलं. "घेता येईल. डाव्या अंगाला नेता येईल. इंजिनाच्या खालनं पाइप वळवायचा आणि—"

"मंग ने ना डावीकडं," दामू म्हणाला. "तिकडं जाळायला हाय काय?"

दामू स्वतःच हसला, आणि गणूला हसू आवरेना, आणि अंजूने पदर तोंडाला लावला. आदेशही खाली बघून हसला. नम्रता तेवढी हसली नाही, पण तिने सासऱ्याच्या ताटात रस्सा वाढला.

"बरोबर हाय दादाचं," गणू म्हणाला. त्याच्या डोक्यात आता पाइप वळू लागला होता. "डावी बाजू मोकळीच हाय. पाय नाय, गिअर नाय. तास-दीड तासाचं काम."

"आणि मी पाय कुठं ठेवू?"

हे भागी बोलली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, ताट मांडीवर.

"तू कशाला पाय ठेवशील, आये?" आदेशने विचारलं.

"मी डाव्या बाजूनीच बसते. पाय तिकडंच सोडते. लुगडं जळंल माझं."

"कवा बसतेस तू?"

भागीने दामूकडे बघितलं. दामूने ताटाकडे बघितलं.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात राहणाऱ्या आदेश-नम्रतालाच नव्हतं. आदेश पहाटे जायचा आणि दिवेलागणीला यायचा. नम्रता दिवसभर उपकेंद्रात किंवा पाड्यांवर. त्यांना वाटे, बाबा नाक्यावर चहाला जातात, फार तर बाजाराला.

"मंगळवारी आमी रंगूकडं जातो," भागी म्हणाली. रंगू तिची बहीण, तानसाच्या बाजूला दिलेली. "तिला आता दिसत नाय. सुना शेतावर जातात. मी जाते, तिचं डोकं विंचरते, जरा बोलत बसतो. येताना हे तळ्यापाशी गाडी उभी करतात. कवा भातसानगरला गेलो. कवा नुसतंच." तिने ताट खाली ठेवलं. "सगळा जन्म शेत, विहीर आणि चूल. रंगू मला कुणाच्या लग्नात भेटायची, नायतर कुणी मेल्यावर. आता दर मंगळवारी भेटते."

अंजू हळूच म्हणाली, "मला माहीत होतं. फोनवर सांगायची आये. भाजल्याचं नव्हतं सांगितलं."

नम्रताने हातातलं भांडं खाली ठेवलं. कालपासून दाबून धरलेलं तिला आता धरवलं नाही.

"आई, जखम तुम्हाला केव्हा दिसली?"

"मागल्या मंगळवारी. रंगूकडनं आल्यावर. जळक्या कापडाचा वास आला म्हणून बघितलं."

"आणि तुम्ही हळद लावलीत. मी याच घरात होते. रोज रात्री तुमच्या शेजारी बसून जेवत होते. मला का नाही सांगितलंत? मी परकी आहे का?"

भागीने तिच्याकडे बघितलं, कालपासून पहिल्यांदाच सरळ.

"परकी आसतीस तर सांगितलं आसतं," ती म्हणाली. "तुला सांगितलं आसतं तर तू जे बरोबर तेच केलं आसतंस. गाडी बंद केली आसतीस. म्हणून नाय सांगितलं." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला वाटलं भरंल हळदीनी. नाय भरली. दर सकाळी बघत होते आणि भीत होते. काल तू बघितलंस तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते."

नम्रता तिच्यासमोर उकिडवी बसली. रागवायचं राहिलंच. समोरच्या बाईच्या मनगटांना अजून भाकरीचं पीठ चिकटलेलं होतं.

"पाय गेला असता, आई."

"ठाव हाय मला."

"रंगूमावशीकडे मी नेलं असतं तुम्हाला. रिक्षाने नेलं असतं."

"तुला टाइम कुठं हाय गो. आणि रिक्षानी गेल्यावर तळ्यापाशी कोण थांबवंल?"

दामू खाकरला. "मला बी सांगता आलं आसतं," तो म्हणाला. "मीच नाय म्हणालो. तिला बोलू नको."

नम्रताने पुसायचं काही नव्हतं तरी पदराने हात पुसले आणि ती गणूकडे वळली. "काका, गाडी नेऊ नका. पण डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. दोघांच्याही पायाला आच लागणार नाही असं करता येत असेल तर करा. नसेल तर सांगा, मग टेम्पोत चढवा."

गणूने आदेशकडे बघितलं. नम्रतानेही बघितलं.

"आणि आरटीओचं पासिंग?" आदेशने विचारलं. नाही म्हणायला त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

"ते मी बघतो. यात्रेच्या आगं कल्याणला दाखवून आणतो."

आदेश उठला. "मशीन कुठं ठेवायचं?" त्याने विचारलं. "वायर मी आतून घेतो."

*

गणूने मधली वाट धरली. ती अवघड होती, म्हणूनच पहिल्या वेळी त्याने टाळली होती. मधे मागच्या चाकांचा दांडा होता, साखळी होती, बॅटरीची पेटी होती. त्याने पेटी काढून सीटखाली सरकवली. जुना सायलेन्सर कापून बाजूला टाकला. इंजिनातून येणारा पाइप खाली वळवून गाडीच्या बरोबर पोटाखालून मागे नेला आणि दांड्याच्या पलीकडे, सीटच्याही मागे नवा सायलेन्सर आडवा टांगला. तोंड उजव्या बाजूला, खाली. दगड लागू नये म्हणून पाइपाखाली लोखंडी पट्टी.

आदेश त्याच्याबरोबर जमिनीवर होता. इस्त्रीचा शर्ट केव्हाच काढून दोरीवर टाकला होता. तो पाइप धरी, गणू टाका मारी. उजेडाकडे बघू नको, असं गणू दर वेळी सांगे आणि आदेश दर वेळी मान फिरवी. मधेच दोघं पाइपाच्या वाकण्यावरून वाद घालत, तोही नेहमीच्या आवाजात. ओटीवरून दामू सूचना देत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

काम झालं तेव्हा उन्हं कलली होती. गणूने इंजिन चालू केलं. आवाज आधीपेक्षा मऊ झाला होता.

"आता कळणार कसं?" अंजूने विचारलं. "बाबांना तर गरम लागलं तरी कळत नाय."

एवढा वेळ ही गोष्ट कुणाच्या बोलण्यात आली नव्हती.

"मी बसतो," आदेश म्हणाला.

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या आणि बापाच्या जागी बसला. उजवा पाय दामू ठेवतो तिथे, गाडीच्या पायफळीवर, मागे टेकवून ठेवला. हाताने टाकायचा गिअर त्याला जमेना. गाडी दोनदा बंद पडली. दामूने ओटीवरून सांगितलं, "दाबून धर आणि मंग पुढं ढकल. घाई करू नको." तिसऱ्यांदा गाडी निघाली.

नाक्यापर्यंत जाऊन तो परत आला आणि उतरताना लंगडत उतरला. टाच लाल झाली होती.

"पोटरीला काय नाय," तो म्हणाला. "पण फळी तापते. खालनं."

नम्रताने त्याच्या टाचेवर पाणी ओतलं. गणूने काही न बोलता फळी खोलली. पाइपाला सायलेन्सरवर गुंडाळायची जाड पट्टी गुंडाळली, वर पत्रा बसवला आणि पत्रा आणि फळी यांच्यामध्ये हवा जाईल एवढी जागा सोडली. मग फळी परत घट्ट केली.

"आता लांब जाऊन ये," तो म्हणाला. "इंजिन चांगलं तापू दे."

आदेश हायवेकडे न जाता आतल्या रस्त्याने गेला. या रस्त्याने तो कित्येक दिवसांत गेला नव्हता. रोजचा त्याचा रस्ता घर ते स्टेशन. त्याचं सगळं लक्ष उजव्या पायात होतं. वारा लागत होता. आच कुठे नव्हती, टाचेलाही नाही.

पहिल्याच वळणावर बांधावरच्या माणसाने हात वर केला आणि जवळ आल्यावर दामू नाही हे बघून तो हात तसाच वर राहिला. पुढे दुकानातून कुणीतरी हाक मारली, "दामूदादा." मंदिरापाशी बसलेले दोघं उठून उभे राहिले, काहीतरी निरोप द्यायला. आदेश प्रत्येकाला हात करत गेला. त्याला वाटू लागलं, आपण बापाचा शर्ट घालून निघालोय.

पाड्याच्या फाट्यावर एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन उभी होती. तिने हात केला आणि गाडी थांबताच मोळी मागच्या सीटवर टाकून स्वतःही चढली. बसल्यावर तिने चालवणाऱ्याकडे बघितलं.

"तू दामू नाय."

"मी त्याचा पोर. आदेश."

"मी धोंडूबाई. दामू कुठं हाय?"

"पायाला लागलंय त्यांच्या. थोडंसं."

"भागी रडली आसल," धोंडूबाई म्हणाली. "चल. पाड्यापर्यंत सोड. सावकाश ने, तुझा बाप सावकाश नेतो. खड्डा आला का आधी सांगतो."

आदेशने खड्डे सांगत तिला पाड्यापर्यंत नेलं. उतरताना तिने मोळीतून त्याला काही द्यायला हात घातला, मग आठवलं की लाकडंच आहेत, आणि नुसताच त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

परत येताना त्याने गाडी मुद्दाम जोरात चालवली, चढावर नेली, इंजिन तापवलं. पाय फळीवरून हलवला नाही.

*

एवढा उशीर झाल्यावर अंगणात सगळे उभे राहिले होते. गणू रस्त्यापर्यंत जाऊन आला होता. दामू कुबड्या घेऊन पायरीच्या कडेला आला होता आणि नम्रताने त्याला दोनदा बसायला सांगितलं होतं.

आदेश आला, थेट पायरीपाशी थांबला आणि इंजिन चालूच ठेवून म्हणाला, "बघा."

नम्रता वाकली. हाताच्या मागच्या बाजूने तिने त्याची पोटरी, घोटा, टाच, पायाची बोटं पाहिली. मग मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, भागी पाय सोडते तिथे बराच वेळ हात धरून उभी राहिली.

"थंड आहे," ती म्हणाली.

दामू खुर्चीत बसला आणि म्हणाला, "इकडं ये रे."

आदेश उतरून त्याच्यासमोर आला. दामूने पुढे वाकून त्याच्या पोटरीवर तळहात ठेवला. स्वतःच्या पायात त्याला कित्येक वर्षांत काही कळलं नव्हतं. हात मात्र शाबूत होता. पोराची पोटरी त्याला धुळीने खरखरीत आणि वाऱ्याने गार लागली. त्याने खाली टाचेपर्यंत हात नेला, लाल झालेल्या जागी अलगद बोट फिरवलं.

"हे मघाचं?"

"मघाचंच. आता नाय लागलं काय."

"दुखतं?"

"जरा."

दामूने हात तिथेच ठेवला. "गणू," तो म्हणाला, "ह्याला काय लावायला हाय का बघ."

"हळद सोडून," नम्रता म्हणाली, आणि सगळ्यांत आधी भागीलाच हसू आलं.

नम्रताने गाडीची चावी काढून घेतली. "जखम भरेपर्यंत ही माझ्याकडे. बाबा, भरली की मी स्वतः आणून देईन. आणि जाळी पडली, पट्टी सुटली, काही झालं तरी आधी मला सांगायचं. आई, तुम्हीसुद्धा."

"सांगन," भागी म्हणाली.

"यात्रेपर्यंत भरंल का?" दामूने विचारलं.

"नाही."

दामूने मान हलवली. या वेळी त्याने वाद घातला नाही. आदेश दोरीवरचा शर्ट काढून बाह्या सरळ करत होता.

"यात्रेला मी चालवतो," तो म्हणाला. "सुट्टी टाकतो. तुमी दोघं मागं बसा. मंगळवारी बी मी नेतो, तळ्यापाशी थांबवतो. जखम भरंपर्यंत."

"मागं?" दामू म्हणाला. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता.

"बसून बघा आता. थोडं फिरवून आणतो. नम्रता, दे ना चावी."

नम्रताने चावी दिली. गणू आणि आदेशने दोन्ही बाजूंनी धरून दामूला सीटवर चढवलं. भागी अंजूच्या खांद्याला धरून आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला बसली. दामूचा पट्टी बांधलेला पाय खाली लोंबत होता. अंगणात दीर, लेक, सून, कुंपणापाशी शेजारची माणसं. भागीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग तिने तो पाय दोन्ही हातांनी उचलला, आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर पदर टाकला.

"चल रे," ती आदेशला म्हणाली. "सावकाश."